आत्तीच्या पाटल्या आणि बँकेचा पाच पानी कागद: सोनेतारण कर्जाचा अनुभव, वडगाव-बेळगाव

पाचपैकी साडेतीन देते. त्यातला अर्धा काउंटरवरच्या त्या पोराचा आहे, बँकेचा नाही. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण आमचं खातं अजून तिथंच आहे आणि छपराची मागची बाजू व्हायची राहिलीय. उद्या परत त्याच दारात जायचंय.

आमचं घर वडगावात. जुनी मंगळुरी कौलं आणि खालची लाकडं वाळवीनं पोखरलेली. बेळगावचा पाऊस एकदा धरला की गणपतीपर्यंत कपडा वाळत नाही, त्यात गळकं छप्पर. एप्रिलात काम काढायचं ठरलं. मी ब्लाऊज शिवते, मालकांचे दोन माग आहेत, त्यातला एक दिवाळीपासून झाकून ठेवलाय. भिशी जुलैत मिळणार होती. मधले तीन महिने निभवायला सव्वा लाखाच्या आसपास हवे होते, म्हणजे सोनं ठेवण्याशिवाय इलाज नव्हता.

सोनं आत्तीचं. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात, कानडीतही तेच. वय ७४, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, अंगठा लावतात. पण मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळं डझन, शेकडा, आणे-पैशांचा हिशेब तोंडात असतो. मी मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचा आकडा आलेला असतो. तर आत्तींचं म्हणणं होतं, सोसायटीत जाऊया.

"तिथं चेअरमन आपल्या गल्लीतला. बोलायला तरी येतंय. बँकेत काय, ते एक बोलणार, आपण एक."

त्यांचं चुकत नाही. बेळगावात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत. सौहार्द (कर्नाटकातल्या एका वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था) आहेत, पतसंस्था आहेत, महाराष्ट्रातही आणि इकडंही शाखा असलेल्या मल्टिस्टेट आहेत. आत गेलं की भिंतीवर शिवाजी महाराज, काउंटरवर ओळखीची मुलगी, पावती मराठीत. आत्तींना खुर्ची देतात, पाणी देतात. बँकेत टोकन देतात.

पण २०२२ पासून मी जरा शहाणी झालेय. तेव्हा सुताचा भाव चढला होता म्हणून मी माझं गंठण एका फायनान्स कंपनीत ठेवलं होतं. नाव त्यांचंही नको. "शेकडा एक" म्हणून तोंडी सांगितलं. शेकडा एक हा दर दर महिन्याला व्याज भरलं तरच होता, नाहीतर तीन महिन्यांनी वेगळा, सहा महिन्यांनी आणखी वेगळा, हे पावतीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत होतं. उशीर झाला त्यावर दंडाचं व्याज, आणि त्या दंडाच्या व्याजावर परत व्याज. पैसे गोळा करून सोडवायला गेले तर तिजोरीची किल्ली असलेला माणूस लग्नाला गेलेला. मग ऑडिट. मग पाऊस. गंठण हातात यायला नऊ दिवस लागले. तोपर्यंत गौरी येऊन गेल्या होत्या. गौरीपुढं मी काळ्या मण्यांची पोत घालून बसले होते, आणि जाऊबाईंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. त्या नऊ दिवसांचं कुणी मला काही दिलं नाही, आणि मागता येतं हेही मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा खरंच मागता येत नव्हतं. आता येतं. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जाचे नवे नियम काढले आणि बँकांना, सहकारी बँकांना, फायनान्स कंपन्यांना ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायला सांगितलं. पुतणी पुण्यात एका सीएकडं कामाला आहे, तिनं मला फोनवर सगळं समजावलं. (ती अजून "मी बघतो, मी सांगतो" असंच बोलते. पुण्यात हसतात म्हणे तिला. हसू देत. बेळगावच्या पोरी तशाच बोलतात.) तिनं सांगितलेल्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली. कर्ज फिटलं की दागिना त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या सात दिवसांत परत द्यायचा. त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. नऊ दिवसांचा हिशेब मी मनात करून बघितलाच.

हे नियम पतसंस्थेला, सौहार्दला लागू नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. त्यांच्यातल्या ठेवीला बँकेसारखा पाच लाखांचा विमा नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं त्यांची तक्रार चालत नाही. मल्टिस्टेटसाठी २०२३ च्या दुरुस्ती कायद्यानं वेगळा सहकार लोकपाल आणलाय, तो सभासदाच्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावेल असं कायद्यात आहे. पण दिवसाला पाच हजार, सात दिवस, ही भाषा तिथं नाही. मी हे आत्तींना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे जिथं आपलं बोलणं कळतंय तिथं कायदा न्हाई, आणि कायदा हाय तिथं आपलं बोलणं कळत न्हाई."

तरी चला म्हणाल्या. रिक्षानं शहापूरला बँकेत गेलो.

पहिला अनुभव चांगला. अप्रेझर म्हणजे सोनं तपासणारा सोनार त्या दिवशी जाग्यावर होता, आणि त्यानं आत्तींच्या डोळ्यांदेखत तपासलं. आधी डबी आत न्यायचे आणि दहा मिनिटांनी आकडा सांगायचे, मधे काय व्हायचं ते देवाला माहीत. आता कर्जदारासमोरच कस लावायचा हा नियमच आहे. आम्ही दोन पाटल्या आणि एक बोरमाळ नेली होती. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली, ती वजा होणार, दोराही वजा होणार, फक्त सोन्याचं मोल धरायचं. सोनारानं ते नीट मराठीत समजावलं, त्याचं आजोळ खानापूरचं निघालं. भाव कसा धरतात तेही त्यानंच सांगितलं: आदल्या दिवशीचा बंद भाव आणि मागच्या तीस दिवसांची सरासरी, यातला जो कमी तो. आत्तींनी लगेच पकडलं, "भाव चढला तर तुमचा फायदा, उतरला तरी तुमचाच." सोनार हसला. त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

पाटल्यांचं निव्वळ वजन २४.६ ग्रॅम, २० कॅरेट. एका पाटलीला आतून चेप आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना बैलगाडीतून पडल्या होत्या त्याचा. ती चेपसुद्धा प्रमाणपत्रात लिहिली. फोटो काढला. बँकेच्या लेटरहेडवर दोन प्रती, एक आमच्या हातात. कॅरेट, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट, किंमत, सगळं त्यात. २०२२ मध्ये माझ्या पावतीवर "गंठण १ नग" एवढंच होतं. या प्रमाणपत्राला मी पाचपैकी पाच देते. नुसता हाच कागद असता तर हा अनुभव मी इतका लांबवलाही नसता.

पाटल्यांवरच आम्हाला हवे तेवढे पैसे मिळत होते, म्हणून बोरमाळ परत पिशवीत टाकली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आक्का, तीही ठेवा, अजून लाखभर मिळतात." मिळत असतील. घरखर्चासाठीच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पुढं पाच लाखांपर्यंत ८० आणि त्याच्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे, आणि शेवटी एकरकमी फेडायचं असेल तर त्यात व्याजही धरायचं. मर्यादा वाढली म्हणून काठोकाठ घ्यायचं असं थोडंच आहे. आम्ही १,२०,००० घेतले.

आता कागद. खरं लिहायचंय ते याच्याबद्दल.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर एक ठरावीक नमुन्यातला कागद द्यावा लागतो, सगळे त्याला केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) म्हणतात. किती कर्ज, किती व्याज, कुठली कुठली फी, आणि सगळं मिळून वर्षाला खरा दर किती पडतो, हे एका जागी. त्यात न लिहिलेली कुठलीही फी नंतर कर्जदाराची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय लावता येत नाही. आणि हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा. सोनेतारणाच्या नियमात तर याहून पुढं आहे: अटी त्या प्रदेशाच्या भाषेत किंवा कर्जदार निवडेल त्या भाषेत.

आमच्या हातात आला तो एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कानडी.

मी म्हटलं, मराठीत द्या.

पोरगा विजापूरकडचा, नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही. त्याचं तोंड पडलं. "आक्का, इथं रीजनल लँग्वेज म्हणजे कन्नड. सिस्टिममध्ये तेच येतं." मी म्हटलं, प्रदेशाची भाषा किंवा कर्जदार निवडेल ती भाषा. 'किंवा' आहे तिथं. कर्जदार ह्या बसल्यात, त्यांनी मराठी निवडलीय. मागच्या रांगेतला एक जण "झालं सुरू" असं काहीतरी पुटपुटला. बेळगावात भाषेचा शब्द काढला की लोकांना वाटतं आता पाटीला काळं फासणार. मला काही फासायचं नव्हतं, मला फक्त महिन्याला किती बसतं ते आत्तींना कळायला हवं होतं.

मॅनेजर बाहेर आले. चांगले होते, आवाज चढवला नाही. म्हणाले, नियम खरा आहे, पण आमच्याकडं मराठी नमुना नाही, उद्या बघतो. मी म्हटलं, बघा, आम्ही पण कागद घरी नेतो आणि उद्या येतो. यावर पोरगा गोंधळला, कारण सगळे लोक जागेवर सही करतात. पण सात दिवसांहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला या कागदातल्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस बँकेला बांधील असतात, विचार करायला म्हणूनच. कुणी वापरत नाही तो भाग वेगळा. पाटल्या आणि बोरमाळ घेऊन आम्ही घरी आलो. आत्ती म्हणाल्या, रिक्षाचे ऐंशी रुपये कोण देणार? ते मात्र कुठल्याच नियमात नाही.

संध्याकाळी मी १४४४८ ला फोन लावला. हा रिझर्व्ह बँकेचा तक्रारीचा नंबर, पैसे लागत नाहीत. हिंदी-इंग्रजीखेरीज दहा प्रादेशिक भाषांत माणूस बोलतो, त्यात कन्नड आहे आणि मराठीही आहे. मराठीचा आकडा दाबला आणि पलीकडून खरोखर मराठीत "बोला मॅडम" आलं. दिवसभरात पहिल्यांदा. त्या बाईंनी सांगितलं ते एवढंच: आधी बँकेला लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडं या. फी नाही, वकील लागत नाही. पोस्टानं पाठवायची तर चंदीगडला जाते, नाहीतर ऑनलाइन. २०२१ च्या नोव्हेंबरपासून बँक, फायनान्स कंपनी, मोबाइलवरचे पैसे, सगळ्यांना मिळून हा एकच लोकपाल आहे. त्याआधी तीन वेगवेगळे होते आणि आपली तक्रार कुठल्या दारात न्यायची इथंच माणूस दमायचा. रात्री वहीच्या पानावर मी मॅनेजरला मराठीत अर्ज लिहिला, चार ओळींचा.

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायची वेळच आली नाही. मराठी प्रत तयार होती. बँकेच्या महाराष्ट्रातल्या शाखांत वापरतात ती, कोल्हापूरच्या कुणा ओळखीच्याकडून पोरानं मागवून घेतली होती. रात्री साडेआठला त्यानं स्वतःहून फोन केला होता म्हणे. तो अर्धा मार्क यासाठी.

मी आत्तींना वाचून दाखवायला बसले. आणि इथं माझीच फजिती झाली.

"वार्षिक टक्केवारी दर." आत्ती गप्प. "आकस्मिक शुल्के." आत्ती गप्प. "पूर्वबंदी आकार."

"बंदी? कुणाला बंदी?"

म्हटलं, बंदी म्हणजे कैद नव्हे आत्ती, मुदतीआधी खातं बंद केलं तर लागणारी फी. "मग तसं लिवायचं की!" "तक्रार निवारण नोडल अधिकारी" इथवर आल्यावर त्यांनी जांभई दिली. मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळेत शिकले, पेपर रोज वाचते, आणि त्या पाच पानांतल्या निम्म्या ओळी मला दोनदा वाचाव्या लागल्या. बसून कुणीतरी इंग्रजीचा शब्द उचलून त्या जागी मराठी शब्द ठेवलाय, वीट काढून वीट बसवावी तसा. लिपी आमची, भाषा कुणाचीच नाही.

आत्तींनी माझ्याकडं बघणं सोडलं आणि सरळ पोराला कानडीत व्याज विचारलं, "बड्डी एष्ट री?"

त्याचा चेहरा उजळला. "तिंगळिगे ओंबैनूर ऐवत्त, अज्जी."

महिन्याला साडेनऊशे. आत्तींनी बोटांवर मोजलं, "बरोबर. शेकडा बारा आण्याच्या वर थोडं." झालं, एका मिनिटात. चाळीस वर्षं देवांगांच्या, म्हणजे कानडी विणकरांच्या, मागांवर कांड्या भरल्यात, बाजाराची कानडी त्यांना येते, लिहिलेली नव्हे, बोललेली. पुढं पाच मिनिटं दोघं कानडीतच बोलत बसले. उशीर झाला तर दंड किती, लिलाव केव्हा, आधी नोटीस येते का, कुठं छापतात. मराठी प्रतीसाठी दोन दिवस भांडलेली मी हातात कागद धरून बघत होते. आत्तींना काय समजतं हे मीच त्यांना विचारलं नव्हतं. मला काय वाचता येतं त्याच्यासाठी मी भांडले होते.

तरीही ती प्रत मागितली याचा पस्तावा नाही. पुढं तीच उपयोगी पडली.

कागदातले आकडे सांगते. व्याज ९.५० टक्के. कस लावायची आणि प्रक्रियेची मिळून फी ७२०, ती आधीच कापून १,१९,२८० खात्यात. मुदत एक वर्ष, शेवटी एकरकमी १,३१,४००. आणि फीसकट खरा वार्षिक दर १०.१६ टक्के. मला हा १०.१६ चा आकडा आवडला. २०२२ च्या "शेकडा एक" मध्ये खरा दर काय पडला होता ते मी आजवर काढू शकलेले नाही. इथं कुणीतरी काढून छापून दिलंय, आणि आता गल्लीतल्या बाया दोन बँकांची तुलना करताना नुसतं व्याज विचारत नाहीत, "सगळं धरून किती?" विचारतात. दंडाच्या रकान्यात व्याज नाही, ठरावीक आकार आहे, आणि त्याच्यावर व्याज चढत नाही. हेही नव्यातलंच, नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून.

अंगठ्याच्या वेळी आणखी एक झालं. पोरगा म्हणाला, साक्षीदार म्हणून आमचा वॉचमन सही करील, नेहमी तोच करतो. नाही म्हटलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कर्जदाराला अटी समजावताना साक्षीदार लागतो आणि तो बँकेचा नोकर नसावा, असं नियमात स्पष्ट आहे. "आक्का, तो एजन्सीचा आहे, बँकेचा नाही." बेळगावात वकिली फुकट मिळते ती अशी. मी स्वतः साक्षीदार म्हणून सही केली.

मधल्या तीन महिन्यांत सांगण्यासारखं काही नाही. मेसेज इंग्रजीत यायचे, ते मी न वाचता पुसायचे. कौलं काढली, पत्रे आले, पाऊस आला. मात्र त्याच काळात गल्लीत दुसराच गोंधळ चालला होता. आमच्याकडं संघाचं कर्ज फार. आठ-दहा बायकांचा ग्रूप, आठवड्याला हप्ता, एकीनं चुकवला की बाकीच्यांनी भरायचा. कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, मग त्याचा कायदा झाला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. त्यात नोंदणी आणि परवाना नसलेल्या सावकाराचं, कंपनीचं कर्ज फिटलंच असं धरण्याचं कलम आहे. गल्लीत पोचेपर्यंत त्याचं "सिद्धरामय्यांनी संघाचं कर्ज माफ केलं" झालं होतं. आजही अधूनमधून कुणीतरी तेच धरून बसतं. शेजारची माझ्याकडं ब्लाऊजला आली, तिनं चार हप्ते भरलेच नव्हते. तिची कंपनी रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेली, माफी कुठली? पण तिला दुसरं एक ठाऊक नव्हतं, ते मी सांगितलं: या छोट्या कर्जांच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कुणी दारात यायचं नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे २०२२ पासून आहे. ती म्हणाली, "निम्म्यावर? आमचे तर कमाईपेक्षा जास्त जातात. मग देताना कुणी बघितलं नाही का?" ब्लाऊजची बाही मापताना मी काय सांगणार.

जुलैत भिशी मिळाली. मंगाईच्या यात्रेला नणंदा येतात, त्यांच्यासमोर आत्तींचे हात रिकामे दिसायला नकोत, म्हणून यात्रेच्या आठवडाभर आधीच सोडवायला गेलो. ९६ दिवस झाले होते. व्याज २,९९८. मुद्दल धरून १,२२,९९८. मी घरून काढून नेलेला आकडा आणि त्यांचा आकडा यात ११८ रुपयांचा फरक. काउंटरवर या वेळी दुसरी मुलगी होती. "पॅकेट हँडलिंग, शंभर, वर जीएसटी."

मी पिशवीतून मराठी प्रत काढली. फीचा रकाना दाखवला. तिथं पॅकेट नाही. "पूर्वबंदी आकार: निरंक" असं मात्र आहे. निरंक या शब्दावर मी एप्रिलात हसले होते, जुलैत त्यानंच माझे ११८ वाचवले. मुलीनं मॅनेजरकडं बघितलं, मॅनेजरनी मान हलवली, आकडा खाली आला. रागावलं कुणी नाही. मागच्या माणसानं विचारलं, "कुठं लिहिलंय दाखवा बघू," आणि मग त्यानंही आपल्या फायलीत शोधायला सुरुवात केली. त्याच्याकडं केएफएस नव्हताच. सही केली होती, प्रत घेतली नव्हती.

मग तेच, किल्ली. दोन किल्ल्या लागतात आणि एक मॅनेजरकडं, दुसरी ज्यांच्याकडं त्या मॅडम कॅम्पातल्या शाखेत गेलेल्या. "उद्या नाहीतर परवा या." माझ्या पोटात गौरीचे नऊ दिवस उभे राहिले. मी म्हटलं, येते, पण पैसे आज इतक्या वाजता भरले, त्याची पावती वेळेसकट द्या. मॅनेजर म्हणाले, "पाच हजारांचं माहीत आहे तुम्हाला, दिसतंय." तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नियमात बसतं, तक्रार नाही. पण त्याच दिवशी परत देणं हे पहिलं आहे आणि सात दिवस ही शेवटची हद्द, हे उलटं व्हायला लागलंय. हद्दच मुदत झालीय. एक मार्क त्याचा कापलाय.

पाकीट आमच्यासमोर फोडलं. प्रमाणपत्र बाजूला ठेवून वजन: २४.६. आत्तींनी वजनकाट्याकडं बघितलंच नाही. पाटलीच्या आतून बोट फिरवलं, चेप लागली, म्हणाल्या, "माझीच हाय." दोन्ही हातात चढवल्या आणि पदर ओढून झाकल्या, रिक्षात कुणी बघायला नको म्हणून.

उरलेला अर्धा मार्क भाषेचा. काउंटरवर आता एक कागद चिकटवलाय, कर्जाचे कागद तुमच्या पसंतीच्या भाषेत मागू शकता म्हणून. इंग्रजी आणि कानडीत आहे. त्या विजापूरच्या पोराची बदली झाली, नाहीतर त्यालाच सांगितलं असतं, खाली एक ओळ मराठीत लिही, आणि आत्ती बोलतात तशा मराठीत.

जाणाऱ्यांसाठी: सोनार रोज नसतो, फोन करून जा. सोडवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे दोन्ही किल्ल्या एका छपराखाली सापडतात. केएफएसची प्रत आणि कसाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. दुपारी दीड ते अडीच कुणीच भेटत नाही, आणि समोरच्या गाड्यावरचा चहा बरा आहे.